घाटघरचे पाणी आणि घरची पेटी

भंडारदऱ्याच्या जलाशयाला पूर्ण वळसा घालणारा रस्ता शेंडी गावातून निघतो. मुरशेत, पांजरे, उडदावणे ही गावे मागे टाकीत तो घाटघरला पोहोचतो, तेथून साम्रदमार्गे रतनवाडीस येतो आणि पाण्याच्या दुसऱ्या काठाने पुन्हा शेंडीला मिळतो. पावसाळ्यात या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. परंतु मे महिना सरत असताना, पहिला पाऊस उंबरठ्यावर उभा असताना या परिसराचे जे रूप असते ते मला अधिक जवळचे वाटते. जलाशय आटून आत सरकलेला असतो, उघड्या पडलेल्या काठावर गुरे चरत असतात, करवंदीच्या जाळ्या काळ्या फळांनी लगडलेल्या असतात आणि दुपारनंतर कोकणाच्या बाजूने ढगांचे थवे कड्यावर चढू लागतात. येथील धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली ते पूर्ण झाले. विल्सन धरण हे त्याचे कागदोपत्री नाव. लोकांच्या तोंडी मात्र भंडारदराच. प्रवरेचे हे पाणी खाली अकोले, संगमनेर, श्रीरामपूरच्या शेतांपर्यंत जाते आणि जाता जाता वीजही निर्माण करते.

विजेच्या दृष्टीने अधिक नवलाची गोष्ट मात्र घाटघरला आहे आणि तेथे येणाऱ्या बहुतेकांना ती ठाऊक नसते. घाटघरच्या कड्यावर उभे राहिले की अलंग, मदन, कुलंग या गडांची रांग दिसते, समोर कोकण एकदम खाली कोसळलेले दिसते. लोक छायाचित्रे काढतात, वारा खातात आणि परततात. पाठीमागच्या तलावाकडे कोणी फारसे पाहत नाही. वास्तविक हा तलाव म्हणजे एक प्रचंड बॅटरी आहे. वर घाटमाथ्यावर एक जलाशय, खाली शहापूर तालुक्यातील चोंढे येथे दुसरा. दोहोंच्या दरम्यान चारशे मीटरांहून अधिक उंचीचा फरक आणि डोंगराच्या पोटात वीजगृह. ज्या वेळी राज्याला विजेची फार गरज असते त्या वेळी वरचे पाणी खाली सोडून वीज काढतात. मागणी कमी असते तेव्हा, मुख्यत्वे रात्री, तीच यंत्रे उलटी फिरवून खालचे पाणी पुन्हा वर चढवतात. १२५ मेगावॅटची अशी दोन यंत्रे तेथे आहेत. २००८ साली हा प्रकल्प कार्यान्वित झाला.

अशा प्रकल्पात विजेची काही नवी कमाई होत नाही. उलट तूटच येते. पाणी वर चढवण्यास १०० युनिट खर्च केले तर ते खाली येताना साधारण ७५ ते ८० युनिट परत मिळतात. तरीही हा व्यवहार किफायतशीर ठरतो, कारण पहाटे तीन वाजताचे युनिट आणि संध्याकाळी सात वाजताचे युनिट यांचे मोल सारखे नसते. वीज साठवणे म्हणजे खरे पाहता वेळ साठवणे होय. हे वाक्य माझे नव्हे, माझ्या भाचीचे. घाटघरच्या कड्यावर उभी राहून ती हे मला समजावून सांगत होती तेव्हा आमच्या गाडीच्या मागच्या भागात तिने स्वतः तयार केलेली एक लहानशी पेटी होती आणि त्या पेटीच्या भरवशावर माझे थोरले बंधू तीन वर्षांनंतर प्रथमच घराबाहेर रात्र काढण्यास निघाले होते.

दादांना स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत श्वास वारंवार थांबतो. डॉक्टरांनी सीपॅप नावाचे यंत्र दिले आहे. नाकावर मुखवटा बसवून झोपायचे आणि यंत्राने रात्रभर ठरावीक दाबाची हवा पुरवायची, अशी ही योजना. यंत्र लहान, उशाशी मावेल एवढेच. त्याने दादांची झोप परत आणली, सकाळची डोकेदुखी गेली, दिवसाची गुंगी गेली. परंतु त्याच यंत्राने त्यांना भिंतीतील प्लगशी बांधूनही टाकले. ज्या माणसाने तरुणपणी रतनगडाच्या गुहेत, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कित्येक रात्री काढल्या, तो संध्याकाळ झाली की घड्याळ पाहू लागला. सहल कितीही सुंदर असो, रात्री घरी परतले पाहिजे. काजवे पाहण्याची त्यांची इच्छा त्यामुळेच मागे पडत गेली. काजवे रात्रीच दिसणार आणि दोन-तीन घटकांत ते पाहून मध्यरात्री घाटरस्त्याने पुण्याला परतणे वहिनींना मुळीच मान्य नव्हते.

‘तिथे घरगुती निवास असतात की, वीजही असते,’ असे मी म्हणाले होते. त्यावर भाचीचे उत्तर सरळ होते : “आत्या, मेअखेरीस तिकडे वारा सुटला की तार तुटते. आली तर तासाभरात येते, नाही तर दुसऱ्या दिवशी. बाबांच्या श्वासाचा प्रश्न आहे, ‘येईल वीज’ म्हणून कसं चालेल?”

आता पेटीविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण अनेक घरांत आज असे एखादे यंत्र असते आणि त्याच्यापायी प्रवास बंद झालेले असतात.

प्रथम गरज मोजावी लागते. भाचीने घरच्या प्लगमध्ये वीज मोजणारे एक लहान यंत्र बसवले आणि सात रात्री नोंदी घेतल्या. त्यातून पहिलीच गोष्ट उमगली ती अशी की, सीपॅपची हवा ओलसर करण्यासाठी पाण्याची जी तापती टाकी असते तीच खरी खादाड. ती चालू असताना यंत्र सरासरी ५० वॅटच्या आसपास वीज खात असे. ती बंद केली की अवघी १५ वॅट. आठ तासांच्या झोपेचा हिशेब केला तर एका बाजूस ४०० वॅट-तास, दुसऱ्या बाजूस १२०. डॉक्टरांना विचारले. मेअखेरीस घाटमाथ्यावरची हवा दमटच असते, दोन रात्री टाकीवाचून काढण्यास हरकत नाही, असे त्यांनी सांगितले. हा प्रश्न डॉक्टरांनाच विचारायचा, हे मात्र कोणी विसरू नये. प्रत्येकाचे नाक, घसा आणि दाब वेगळा असतो.

मग यादी झाली. दोन रात्रींचे यंत्र २४० वॅट-तास. बारा व्होल्टवर चालणारा लहान पंखा, १० वॅटचा, दोन रात्री मिळून १६०. तीन-तीन वॅटचे दोन दिवे, रोज तीन तास धरून ३६. चौघांचे मोबाइल रोज एकदा भरले तर एकेकाला साधारण १५, म्हणजे दोन दिवसांचे १२०. बेरीज ५५६. भाचीने जी बॅटरी योजली होती तिची एकूण साठवण ६४० वॅट-तास आणि त्यातील नव्वद टक्केच वापरायचे असे तिने ठरवले होते, म्हणजे ५७६. हिशेब बसत होता, पण नाकापर्यंत पाणी आल्यासारखा. वहिनी म्हणाल्या, मोठी बॅटरी घे. दादा म्हणाले, पंखा काढ. पंखा निघाला आणि बेरीज ३९६ वर आली. उरलेल्या १८० मध्ये यंत्राची एक अख्खी तिसरी रात्र मावत होती. बॅटरी वाढवण्याऐवजी यादी कमी करण्याची ही रीत मला फार पटली. वजनही वाढले नाही.

बॅटरी कोणती घ्यावी यावर भाचीने बराच विचार केला. आपल्या घरातील इन्व्हर्टरची बॅटरी शिसे-आम्लाची असते. ती उचलण्यास दोन माणसे लागतात आणि अर्ध्याहून अधिक रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. मोबाइलमध्ये असते तसली लिथियम बॅटरी हलकी, परंतु बिघाड झाल्यास पेट घेण्याचा धोका तिच्यात अधिक. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. १९९०च्या दशकात टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या चमूने हा पदार्थ बॅटरीसाठी पुढे आणला. पुढे २०१९ साली लिथियम बॅटरीच्या कामासाठी ज्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यांत ते एक होते. या रसायनाचा गुण असा की, तापले तरी ते आपला प्राणवायू सहजासहजी सोडत नाही, म्हणून भडका उडण्याची भीती पुष्कळ कमी. शिवाय दोन हजारांहून अधिक वेळा ती भरता-रिकामी करता येते. अशा एका घटाचा दाब ३.२ व्होल्ट, चार घट एकापुढे एक जोडले की १२.८. पन्नास अँपिअर-तासांच्या चार घटांचे वजन पाच किलोच्या आसपास भरले.

घट पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणले. वापरलेले घट नवे वेष्टन चढवून विकण्याचे प्रकार या व्यवसायात होतात, म्हणून घरी आल्यावर त्यांची परीक्षा घेतली. मोटारीच्या जुन्या दिव्याचा ५५ वॅटचा बल्ब बॅटरीला जोडून सकाळी साडेसातला पेटवून ठेवला. घट खरोखरच पन्नासचे असतील तर तो अकरा तासांच्या आसपास जळला पाहिजे. दिवसभर स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो बल्ब जळत होता आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘हा कशाला?’ म्हणून विचारत होता. संध्याकाळी सहा वाजून काही मिनिटांनी तो विझला. साडेदहा तास! भाचीच्या चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल लागल्याचे समाधान होते.

बल्ब विझवला तो बीएमएस नावाच्या एका लहान पट्टीने. तिला बॅटरीची राखणदार म्हणावे. चार घटांपैकी कोणताही एक फार रिकामा होऊ लागला, फार भरू लागला किंवा वीज मर्यादेबाहेर वाहू लागली की ती वाट बंद करते. याखेरीज बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून एक फ्यूज बसवला आहे. बारा व्होल्टने माणसाला झटका बसत नाही म्हणून लोक या विजेला निरुपद्रवी समजतात, तसे नाही. दोन टोकांवर चुकून पाना पडला तर तो क्षणात लाल होतो. भाची काम करताना पान्याच्या मुठीवर चिकटपट्टी गुंडाळीत असे आणि हातातील बांगडी, अंगठी काढून ठेवीत असे. तारांचेही असेच. घरात १२० वॅटचे उपकरण अर्धा अँपिअर ओढते; तेच काम बारा व्होल्टवर करायचे तर दहा अँपिअर लागतात. घरातील बारीक वायर तेथे वापरली तर ती तापून वितळेल. म्हणून पेटीतील तारा जाड आहेत आणि प्रत्येक सांधा दाबून पक्का केलेला आहे.

तिने केलेली एक गोष्ट मला विशेष आवडली. पेटीत इन्व्हर्टर घातलाच नाही. इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीच्या विजेचे घरच्यासारख्या २३० व्होल्टमध्ये रूपांतर करणारे यंत्र. सीपॅपसोबत जो अडॅप्टर येतो तो त्या २३० चे पुन्हा २४ व्होल्ट करतो. म्हणजे १२ चे २३० आणि २३० चे २४! या चढ-उतारात वीज वाया जाते, शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठीही काही वॅट खातो. त्याऐवजी १२ चे थेट २४ करणारा, त्या यंत्रासाठीच मिळणारा परिवर्तक तिने जोडला. मिक्सर नाही, किटली नाही, इस्त्री नाही. पेटीला तसला प्लगच नाही. बाजारात तयार पेट्याही मिळतात आणि त्यांतील काही उत्तम असतात, हे येथे सांगितले पाहिजे. ज्यांच्या घरी विजेचे काम जाणणारे कोणी नाही त्यांनी तीच घ्यावी. आमच्या घरी जाणणारी मुलगी होती आणि पेटीत काय कोठे आहे हे दादांनाही पाहता यावे असा तिचा आग्रह होता. झाकण आतून पाहिले तर त्यावर जोडणीचे चित्र चिकटवलेले आहे.

झाकणाच्या बाहेर एक मीटर आहे. या बॅटरीचा दाब भरलेली असताना आणि जवळजवळ रिकामी असताना फारसा बदलत नाही. त्यामुळे नुसता व्होल्ट दाखवणारा काटा फसवतो. म्हणून आत किती वीज गेली आणि बाहेर किती आली याची वहीखात्याप्रमाणे नोंद ठेवणारा मीटर लावावा लागतो. तो टक्क्यांत शिल्लक दाखवतो. वहिनींचा पेटीवर विश्वास बसला तो या आकड्यामुळे.

घाटघरला परत येऊ. भाचीने तेथे कागदावर एक गणित करून दाखवले. आमच्या पेटीत जेवढी वीज मावते तेवढी पाण्यात साठवायची तर सुमारे सहाशे लिटर पाणी कोकणातून चारशे मीटर वर आणून ठेवावे लागेल; म्हणजे दोनशे लिटरची तीन पिंपे. आणि घाटघरची दोन्ही यंत्रे पूर्ण वेगाने चालली तर एका सेकंदात जेवढी वीज निघते तिच्यात आमच्यासारख्या शंभराहून अधिक पेट्या भरतील. दादा कड्याच्या टोकाशी उभे राहून खालच्या कोकणाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “तीन पिंपं पाणी या कड्यावरून वर ओढायचं म्हणजे किती माणसं लागतील गं? आणि ते सगळं तू जेवणाच्या डब्याएवढ्या जागेत बसवलंस!” डब्याएवढी ती नाही, अवजारांच्या पेटीएवढी आहे, परंतु बापाच्या कौतुकात माप कोण घेणार!

आमचा मुक्काम रतनवाडीला होता. रतनगडाच्या पायथ्याचे हे गाव. गडाच्या अंगावर उगम पावणारी प्रवरा येथून वाहते आणि गावातच अमृतेश्वराचे शिलाहारकालीन मानले जाणारे दगडी मंदिर आहे. खांबांवरचे, छतावरचे कोरीव काम पाहण्यास एक दुपार पुरत नाही. जवळच चौकोनी पुष्करणी आहे. मेअखेरीसही तिच्या तळाशी पाणी होते. दादांनी गड चढण्याचा विचारही केला नाही. मंदिराच्या ओट्यावर बसून त्यांनी खुट्ट्याच्या सुळक्याकडे बोट दाखवीत नेढ्यापर्यंतची सारी वाट आम्हाला तोंडी चढवली. कोठे शिडी, कोठे पाण्याचे टाके, कोठल्या दरवाजातून कोकण दिसते ते सगळे.

एका घराच्या अंगणात आम्ही तंबू लावला होता. सूर्य असतानाच जेवणे उरकली. पेटी तंबूच्या आत नव्हे, तर बाहेर ओसरीच्या छपराखाली ठेवली. झोपण्याच्या जागेपासून ती दूर असावी, पावसात भिजू नये आणि उन्हात तापू नये, हे तिन्ही हेतू त्यात साधले. तेथून एक तार तंबूत गेली. रात्री नऊच्या सुमारास गावाबाहेरच्या झाडांकडे निघालो.

काजव्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी थोडेच लिहिते. आधी एखाद-दुसरा ठिपका दिसतो, आपण तो मोजू लागतो आणि मोजता मोजता अख्खे झाड पेटते आणि विझते. पुन्हा पेटते, पुन्हा विझते. ठिपक्यांची एक लाट खोडापासून शेंड्यापर्यंत जाते आणि शेजारचे झाड तिला उत्तर देते. हा प्रकाश म्हणजे नर-मादीचा संवाद. काजव्याचे अळीपण दीर्घ. पंख फुटल्यावर मात्र जेमतेम काही आठवडे त्याच्या वाट्याला येतात आणि त्यांत जोडीदार भेटला पाहिजे. गाडीचे दिवे, विजेरी, छायाचित्रासाठी मारलेला झोत यांनी हा संवाद तुटतो. त्या रात्री दूरवरच्या एका मुक्कामाच्या जागी जनरेटर घरघरत होता आणि रंगीत दिव्यांची माळ झाडावरच चढवलेली होती. त्या बाजूच्या झाडांवर काजवे नव्हते. ज्या गोष्टीसाठी माणसे शंभर-दोनशे किलोमीटर येतात तीच उजेड करून विझवतात, हे पाहून वाईट वाटले. परत येऊन पाहतो तो आमच्या पेटीच्या मीटरचा निळसर आकडाही ओसरीत चकाकत होता. वहिनींनी काही न बोलता त्यावर टॉवेल टाकला.

मात्र त्या रात्री तो टॉवेल त्यांनी अनेकदा उचलला असावा. सकाळी त्यांच्या वहीत तीन नोंदी होत्या : अकरा वाजता ९८, दोन वाजता ९२, साडेसहाला ८१. तंबूतून रात्रभर यंत्राचा तो ओळखीचा, समुद्राच्या मंद लाटेसारखा आवाज येत होता. दादा उठले ते पाखरांच्या किलबिलाटाने. मुखवट्याचे वळ गालावर घेऊन ते अंगणात आले, रतनगडावर पहिले ऊन पडलेले पाहिले आणि चहा येईपर्यंत कोणाशीही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोबाइल भरल्यावर शिल्लक ७२ वर आली. शंभर वॅटचा घडीचा सौर पत्रा उन्हात पसरला होता. परंतु साडेअकरालाच ढग आले आणि मीटर ८६ वर थांबला. संध्याकाळी सातच्या सुमारास वारा सुटला. धुळीचा लोट, मग टपोरे थेंब, मग गारा. साडेसातला गावातील दिवे गेले.

वादळ ओसरल्यावर आमच्या यजमानीण मावशी ओसरीवर आल्या. क्षणभर घुटमळून म्हणाल्या, “ताई, त्या पेटीतला एक दिवा गोठ्यात मिळंल का? गाय अडून बसलीया. आज व्यायची तिची लक्षणं हायेत.”

डांगी गाय होती ती. अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेली, या मुसळधार पावसाच्या मुलखासाठीच जणू घडवलेली. मावशींच्या विजेरीचा जीव संपत आला होता. त्याच वेळी शेजारची दोन मुले विझलेले मोबाइल घेऊन उभी राहिली, त्यांच्यामागे जीप चालवणारा एक तरुण. अंधारात आमच्या ओसरीवर तेवढा एक उजेड होता. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा हात पेटीच्या झाकणावर होता आणि तो मला दिसत होता. त्यांना कंजूष म्हणण्याचे पाप मी करणार नाही. तीन वर्षांपूर्वी, निदान होण्याआधी, मध्यरात्री नवऱ्याचा श्वास थांबलेला ऐकत आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत अंक मोजत त्या कित्येक रात्री जागल्या आहेत.

दादांनीच मार्ग काढला. भाचीला म्हणाले, “माझ्या दोन रात्री बाजूला काढ. आजची आणि अडकलोच तर उद्याची. त्याखाली आकडा जाऊ द्यायचा नाही. वरचं सगळं ज्याला लागेल त्याला.” दोन रात्री म्हणजे २४० वॅट-तास, मीटरवरचे ३८ टक्के. ८६ मधून ३८ गेले तरी ४८ उरत होते. वहिनींनी वहीत ३८ चा आकडा लिहिला, त्याभोवती गोल काढला आणि हात बाजूला घेतला.

पंधरा मीटर वायर सोडून तीन वॅटचा दिवा गोठ्याच्या आढ्याला टांगला. ओसरीवर सहा मोबाइल पाळीपाळीने भरले. जीपवाल्या तरुणाने पहिला फोन राजूरला लावला आणि वाटेत झाड पडले आहे का ते विचारून घेतले. मावशी, त्यांचा मुलगा आणि भाची गोठ्यात होत्या. दादा दहा वाजता झोपावयास गेले. बाहेर सारे गाव काळोखात, प्रवरेच्या ओढ्याला नुकतेच गढूळ पाणी सुटलेले आणि तंबूत तो संथ श्वास.

साडेअकराला वासरू झाले. कालवड. भाचीने आजवर कधी पाहिले नव्हते. ती माझ्याजवळ येऊन नुसतीच बसून राहिली. मावशींनी दिवा परत आणला तो फडक्याने पुसून. बदल्यात काय द्यावे हे त्यांना सुचेना, म्हणून सकाळी न्यायला करवंदांची पाटी भरून ठेवली.

सकाळी मीटर ५१ दाखवीत होता. भाचीने वहिनींच्या वहीत हिशेब मांडला. मोबाइल सहा, ९० वॅट-तास. दादांचे यंत्र, ११०. आमचे दिवे, १२. गोठ्यातील दिवा चार तास, १२. त्या साऱ्या रात्रीत ज्याची सर्वांत निकड होती तो दिवा एका मोबाइलपेक्षाही कमी वीज खाऊन गेला होता. वीज दुपारपर्यंत आली नव्हती. आम्ही निघालो तेव्हा साम्रदच्या बाजूला वायरमन खांबावर चढलेला दिसला.

पुण्याला आल्यावर पेटी पुसून कपाटात ठेवली आहे. ही बॅटरी पूर्ण भरलेली ठेवू नये आणि रिकामीही ठेवू नये; निम्म्यावर ठेवली तर महिनोन्महिने सुस्थितीत राहते. ५१ वर ती आपोआपच होती. आता दादांचा डोळा डिसेंबरवर आहे. त्यांना हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी, पाचनईला, थंडीत दोन रात्री राहायचे आहे. तेव्हा हवा कोरडी असणार, यंत्राची पाण्याची टाकी चालू ठेवावी लागणार, म्हणजे एका रात्रीला ४०० वॅट-तास. शिवाय ही बॅटरी शून्य अंशाखाली भरता येत नाही. तेवढी थंडी तेथे पडत नाही, परंतु पहाटेच्या गारठ्यात सौर पत्रा लावण्याची घाई नको, असे भाची म्हणते. दुसरी पेटी करावी, गाडी चालू असताना तिच्यातून भरण्याची सोय करावी, की डॉक्टरांना विचारून कमी तापमानावर टाकी चालवावी, यावर बापलेकीची चर्चा रोज जेवताना चालते. वहिनींनी नवी वही आणली आहे आणि पहिल्या पानावर घरी सात रात्री मोजलेले आकडे लिहिण्यास सुरुवात केली आहे.